तिच्या हातचं केशरी

११ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून घाबरू नका, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन आईंच्या उशाशी असतो, आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या असल्या तरी त्यांचे कान स्वयंपाकघरात असतात. शिवाय फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान एकीचं बोलणं पुरं होतं, म्हणून बसले लिहायला.

ऑपरेशनचं तुमच्या दादांनी कळवलं असेल. नसेलही, कारण ते 'बघू' याच्या पुढे कधी गेलेले नाहीत. सकाळी व्हॅन घेऊन लोकांची पार्सलं पोचवायला जातात, रात्री येतात आणि विचारतात, "काय म्हणते आई?" मग उत्तर यायच्या आत घोरतात. तर डॉक्टरांचं म्हणणं असं, की आईंच्या पोटाचं ऑपरेशन करायलाच हवं, पण आत्ता ते सोसायचा जोर त्यांच्या अंगात नाही. आधी वजन वाढवा, मग बघू. आणि वाढवायचं कशाने? दूध, दही, लोणी, साय सगळं बंद, पोटात गेलं की उलटून येतं. जेवण म्हणजे दोन घास खायचे, तिसरा ताटभर फिरवायचा आणि ताट सरकवायचं. आग्रह केला की त्या पुन्हा टायपिंग क्लासच्या बाई होतात. भुवई वर जाते. पुढे बोलायची कुणाची टाप आहे?

परवा मात्र आपणहून तुमचं नाव काढून म्हणाल्या, "धाकटी आली होती तेव्हा तिने संत्र्याचं ते केशरी केलं होतं. काय दाट! दुधाचा थेंब नाही, तरी सायीसारखं. तसलं मिळालं तर पिईन."

मी म्हटलं, "करते की, त्यात काय!"

"तुला नाही जमायचं," म्हणाल्या. "तिलाच विचार."

विचारण्याआधी एकदा करून पाहिलं, खोटं कशाला बोलू. रस काढला आणि दाट व्हावा म्हणून कॉर्नफ्लॉवर घालून गॅसवर ठेवला. भिंतीवर कागद चिकटवायची खळ झाली नुसती. आईंनी चमचा उभा करून बघितला, तो उभा राहिला.

दाराशी शिवणाच्या कपड्यांचा ढीग वाढत चाललाय. कुणाची झिप, कुणाची विजार आखूड करायची, प्रत्येकाला उद्याच हवं. मशीनच्या आवाजाने आईंची झोप मोडते म्हणून त्या जाग्या असल्या की शिवायचं, आणि जाग्या असल्या की त्यांना मी हवी असते. आता यातून कसं निभवायचं ते तुम्हीच सांगा. निदान केशरीचं तरी लवकर कळवा.

वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

आई असं म्हणाली? 'काय दाट' म्हणाली? ते वाक्य मी रंगाच्या दुकानात गल्ल्यापाशी उभी राहून पुन्हा पुन्हा वाचलं. मालक विचारायला लागले, लॉटरी लागली का म्हणून.

सांगते, नीट वाच. काजू पाण्यात चांगले मऊ होईतो भिजत घाल. केळ्याच्या चकत्या करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेव. केळं पिकलेलं हवं, पण काळं पडलेलं नको, नाहीतर पेल्यात केळंच बोलत बसेल. संत्र्यांची साल काढलीस की पांढरा भागही सोलून काढ. आधी नुसते काजू थोड्या पाण्यात वाट, बोटाला कण लागला नाही पाहिजे. मग संत्री, मग केळं, चिमूटभर मीठ. मिक्सर थांबत थांबत चालव, तापू देऊ नकोस.

दाटपणाचं म्हणशील तर आमच्या रंगाचंच माप लाव. आम्ही डबा घुसळला की काडी बुडवून वर काढतो. धार तुटता कामा नये आणि पळताही कामा नये. पळाली तर भिंतीवर ओघळ येतात, तुटली तर ब्रश अडतो. धार सावकाश आणि अखंड उतरली, की समज जमलं.

माझ्या येण्याचं तू विचारलं नाहीस, पण ओळींच्या मधून ऐकू येतं हो. दुकानातली दुसरी मुलगी बाळंतपणाला गेलीये, रंग मिसळायच्या मशीनवर मी एकटी. आता रंग बघायला लोक नवरा-बायको जोडीने येतात आणि पांढऱ्याच्या पाच छटांवरून माझ्यासमोर भांडतात. अशात सुट्टी कुठली? आणि खरं सांगू का, मी येऊन करणार काय? तुझ्यासारखं मला काही येत नाही. आईला तू आहेस, बस्स झालं.

पेला आवडला का ते कळव. आई काय म्हणाली ते शब्दन् शब्द लिही.

तुझी नणंद


२६ फेब्रुवारी

ताई,

पहिल्या खेपेला कडू जहर झालं. चूक माझीच. सकाळी वेळ असतो म्हणून सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवलं, दुपारी दिलं. आणि संत्र्यातली एक-दोन बीही वाटली गेली असणार, बी काढायचं तुम्ही लिहिलं नव्हतं. आईंनी सगळा पेला प्यायला, तोंड वाकडं न करता. मी भांड्यात उरलेलं चाखलं तेव्हा कळलं. मला इतकी लाज वाटली!

मग मी माझं डोकं चालवलं. आता संत्र्याच्या फोडी बी आणि दोरे काढून त्याही केळ्याबरोबर गोठवते, म्हणजे बर्फ घालून पाणी होत नाही. काजू कितीही वाटले तरी आमच्या मिक्सरचं पातं बोथट, कण राहतोच. म्हणून अस्तराच्या मलमलीचा तुकडा धुऊन घेतला आणि त्यातून पिळून काढते. जे खाली येतं ते बघत राहावं असं असतं, दुधाला मागे टाकेल. आणि करायचं ते आई उठून बसल्यावरच, लगेच हातात द्यायचं. मिक्सरच्या आवाजाने कपाळाला आठी पडते, तर भांड्यावर टॉवेल गुंडाळते. तुमची काडीही लावून पाहिली. धार तुटली नाही, पळाली नाही.

आईंनी घोट घेतला. डोळे मिटले. पांघरुणावर त्यांची बोटं चालत होती, त्या अजूनही विचार करताना टाइप करतात. माझा जीव नुसता टांगणीला. मग म्हणाल्या, "बरं आहे. धाकटीच्या हातची सर नाही."

आणि अर्धा पेला परत केला.

शब्दन् शब्द हवे होते ना तुम्हाला? हे घ्या.

ताई, राग मानू नका, पण तुम्ही काहीतरी सांगायचं ठेवलंय. पाच वस्तू त्याच, माप तेच, मग सर का नाही? माझ्या मावशीकडे एक शेजारीण होती, ती कुणालाही कृती सांगताना एक जिन्नस मुद्दाम गाळायची. तुम्ही तशा नाही हे मला माहीत आहे. पण असं काही असेल तर आता सांगून टाका. हा खेळ करायची वेळ नाही. वजनकाट्याचा काटा जिथल्या तिथे आहे.

वहिनी


५ मार्च

वहिनी,

मी काही गाळलेलं नाही. आपल्या आईच्या तोंडातला घास मी चोरून ठेवीन असं तुला वाटतं? शेजारणीची उपमा चांगली दिलीस, आभारी आहे.

संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग किंचित किसून घाल. मध घालून बघ. पेला आधी गार करून घे. याउपर मला काही ठाऊक नाही.

तुझी नणंद


१३ मार्च

ताई,

साल किसली. मध घातला. पेला गार केला. "धाकटीचं याहून सुरेख होतं."

रोज हेच. धाकटीचं दाट, धाकटीचं गोड, धाकटीच्या हाताला गुण आहे. तिने चादर घातली की सुरकुती नाही, तिने केस विंचरले की दुखत नाही. तुम्ही किती दिवस राहिला होतात इथे, ताई? सगळं मिळून एक आठवडा. त्या आठवड्यावर तुम्ही जन्मभराचं नाव काढलंत, आणि मी रोजची चादर घालणारी, माझ्याच चादरीला सुरकुत्या.

अर्धा पेला तर त्या नेमाने परत करतात. कितीही मिनतवाऱ्या करा, अर्ध्यावर पेला थांबला की थांबला. एकच पेला करते, तोही जात नाही. इतका जीव ओतून केलेलं मोरीत ओतवत नाही, मग मीच ओट्याशी उभ्याउभ्या पिऊन टाकते. बरेचदा तेवढंच माझं दुपारचं जेवण. त्याचंही काही नाही. पण तो परत आलेला पेला बघितला की वाटतं, पुरे झालं.

काल काय केलं सांगू? एका गिऱ्हाइकाची विजार आखूड करायला घेतली. एक पाय कापला, टीप मारली, आईंनी हाक मारली म्हणून उठले. परत येऊन बसले आणि तोच पाय पुन्हा कापला. दुसरा लांबच्या लांब तसाच. विजार उचलून धरली आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. विजारीसाठी नाही हो. मी दमलेय, ताई. झोप लागते पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. दुपारी कपड्यांच्या ढिगावर डोकं टेकलं तर कुणाच्या कोटाचं बटण गालावर उमटलं होतं, ते संध्याकाळपर्यंत तसंच.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडी वाट पाहू. त्यातही अंग धरलं नाही तर ऑपरेशनचा विचार सोडून द्यावा लागेल. ते सोडणं म्हणजे काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते, या. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे. तुमच्या हातात गुण आहे ना, मग त्या हाताने करून पाजा. तुमच्या हातचं त्या पितील आणि जगतील. माझा मान राहिला नाही तरी चालेल, मला आता त्याचंही काही वाटेनासं झालंय.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

उत्तराला इतका उशीर केला, कारण दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. आता हे जसं येईल तसं पाठवते.

मी ते केशरी कधी केलेलंच नाही.

मागे आले होते तेव्हा एकदा संत्र्याचा रस काढला होता, एवढं खरं. नुसता रस. त्यात काजू नाही, केळं नाही. ओट्यावर डाग पडले म्हणून आईने मला झापलं होतं, आणि रस पिऊन म्हणाली होती, "हे काय, रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी?" तू तेव्हा बाजारात गेली होतीस. तुझं पत्र आलं, त्यात आई माझं कौतुक करतेय हे वाचलं आणि माझ्या तोंडून नाही म्हणवेना. आयुष्यात पहिल्यांदा कानावर पडत होतं गं. मग खोलीवर मिक्सर होता, काजू आणले, केळी आणली आणि चार संध्याकाळ घुसळत बसले. आमच्या वरच्या मजल्यावरची बाई भांडायला आली. जमलं तेव्हा तुला लिहिलं. बी काढायचं लिहायला विसरले, कारण माझी संत्री बिनबियांची होती.

आता दुसरं ऐक. आई मला फोन करते, तू दळण आणायला, भाजीला गेलीस की. आणि काय बोलते? "सूनबाईने आज केशरी केलं होतं. असं दाट, की काय सांगू! तुला नाही जमायचं." "सूनबाई पाठ शेकते ना, तशी कुणी शेकत नाही." "सूनबाई चादर घालते, इस्त्री केल्यासारखी." मी काही बोलायला गेले की, "तू आलीस की घराचा उकिरडा करतेस, तू कशाला येतेस? ती आहे की." वर्षानुवर्षं हेच. म्हणून मी येत नव्हते, वहिनी. दुकानाचं निमित्त. मला वाटायचं, तिथे सोन्यासारखी सून आहे, तिथे माझ्या पितळेचं काय काम?

तुझं पत्र वाचलं, तीच चादर, तेच केशरी, फक्त माणूस बदललेलं. हसावं की रडावं कळेना.

तुला आईचा क्लास आठवणार नाही, तू नंतर आलीस. मी तिथेच वाढले, त्या टकटकाटात. ती मुलींच्या पाठीमागून फेऱ्या मारायची. जिचा हात बसला असेल तिच्या खुर्चीशी कधी थांबायची नाही. पुढच्या खुर्चीशी थांबून म्हणायची, "मागे बघ ती कशी करते." मी एकदा विचारलं होतं, तिलाच शाबास का नाही म्हणत? म्हणाली, "तोंडावर शाबास म्हटलं की पुढच्या ओळीत बोट घसरतं." आपल्या दोघींच्या खुर्च्या तिने इतक्या लांब मांडल्या, की एकीचं दुसरीला ऐकूच आलं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तिच्या घरी तर सगळेच डोंगर दूर.

मालकांना सांगितलंय, पांढऱ्याच्या छटा आता तुम्हीच दाखवा. बुधवारी पोचते. मी येऊन काही फार उजेड पाडणार नाही, पण तू तुझ्या मावशीकडे जा आणि झोप. आईला मी बघते. नावं ठेवील, ठेवू दे.

तुझी नणंद


२ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र ओट्याशी उभी राहून वाचलं आणि इतकी हसले की आईंनी आतून विचारलं, "कोण आलंय?" कुणी नाही म्हटलं. मग मोरीचा नळ सोडून थोडं रडले.

म्हणजे एवढे दिवस मी तुमच्या बरोबरीला यायला धडपडत होते, आणि तुम्ही त्या जागी नव्हतातच. रागावले आहे तुमच्यावर. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, तो आला की रागवेन.

हे टपालात टाकत नाही, तुमच्यासाठी ओट्यावर ठेवते. पिशवी भरून ठेवलीये. काजू भिजत घातलेत, फोडी आणि केळं गोठवलंय, डाव्या हाताच्या डब्यात. मलमल खिडकीत वाळतेय. टॉवेल विसरू नका. बी काढा हो. आणि आई तुम्हाला बघून तोंड वाकडं करतील तेव्हा मनाला लावून घेऊ नका, हे आता मी तुम्हाला सांगायचं!

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

मावशीकडे पोचल्यापासून झोपतेच आहेस असं दादा म्हणतो. झोप. हे पत्र उठलीस की वाच.

मी दारात पिशवी टेकली नाही तोच आई म्हणाली, "आलीस? चपला तिथे नाही, इकडे." झालं स्वागत. तेव्हापासून मी तुझी कीर्तनं ऐकतेय. ती माझ्यापाशी ठेवण्यात काही अर्थ नाही, त्यांची मालकीण तू. म्हणून लिहून पाठवते. सूनबाई औषध देते तेव्हा पाणी कोमट असतं. सूनबाई पायात मोजे घालताना आधी आपल्या हातावर गरम करून घेते. सूनबाईची टीप एका रेषेत जाते, क्लासला असती तर नाव काढलं असतं. हे शेवटचं बोलताना खिडकीकडे बघत होती, आणि बोटं पांघरुणावर.

केशरी मी तुझ्या पद्धतीने केलं, मलमलीसकट. "पळतंय बघ," म्हणाली. "सूनबाईची धार काडीवरून तुटत नाही." म्हणजे ती काडी लावतेस तेव्हा पडल्यापडल्या बघत असते! मी म्हटलं, मग तिला सांग की हे. तर भुवई वर गेली. मी तिच्या पोटची असून माझीही टाप नाही.

पण एक गंमत आहे, मला उलगडली नाही. नावं ठेवत ठेवत माझा पेला ती पूर्ण संपवते. रोज, तळापर्यंत. तू अर्ध्याचं लिहिलं होतंस म्हणून मी वाट बघत होते, पण थेंब उरत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून लिहू नये असं आधी वाटलं. मग ठरवलं, आता काही झाकायचं नाही. आणि वहिनी, काटा हलला! थोडाच, पण डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या सोमवारची तारीख दिली. तुझ्या मलमलीवर जमलेलं हे आहे, माझ्या हातगुणाचं नाही.

आपण एक करू. मी परत गेले की माझी कीर्तनं सुरू होतील. तेव्हा ती माझ्याबद्दल जे बोलेल ते तू लिहीत जा. तुझ्याबद्दलचं मी ऐकलं की मी लिहीन. तिला समोर बोलता येत नाही तर राहू दे, टपाल आहे ना.

सोबत आईची चिठ्ठी आहे. कालपासून उशीला टेकून लिहीत होती, मला जवळ येऊ देईना. घडी घालून दिली आणि म्हणाली, वाचलीस तर बघ. मी वाचली नाही.

वाचली. पेल्याचं आत्ता कळलं मला. लवकर ये.

तुझी नणंद


सूनबाई,

तू समोर नाहीस म्हणून लिहिते. ओळ सरळ येत नाही, त्याला इलाज नाही.

केशरी तुला दुसऱ्याच खेपेला जमलं होतं. धाकटीने केला होता तो नुसता रस होता, तिचं नाव मी उगीच घ्यायचे. बरं झालंय म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी डोळे मिटून केलं असतंस. पहिलं कडू झालं होतं, तेही मी प्याले, कारण तू दारात उभी राहून बघत होतीस.

अर्धा पेला मी ठेवायचे तो तुझ्यासाठी. तू दुपारचं जेवत नाहीस. सगळ्यांना वाटतं मी झोपलेय, पण ताटाचा आवाज येत नाही हे मला कळतं. घे म्हटलं असतं तर तू 'आईंना हवं' म्हणून घेतलं नसतंस. उरलं तर टाकवत नाही म्हणून पिशील, एवढं तुला ओळखते. तू ओट्याशी उभी राहून प्यायचीस, पेला खाली ठेवल्याचा आवाज आला की मग मला झोप लागायची. धाकटी पोटभर जेवते, तिच्या पेल्यात मी काही ठेवत नाही.

माझं वजन त्यामुळे अडलं असेल तर डॉक्टरांना सांगू नकोस, ते मला रागावतील.

सोमवारच्या आत ये. मला आत नेतील तेव्हा तू दिसायला हवीस. आलीस की मी यातलं काही बोलणार नाही, काढूही नकोस विषय. धार पळते म्हणेन, चादरीला सुरकुती आहे म्हणेन.

पण यापुढे दोन पेले करत जा. आणि बसून पी.